बेळगुंदीचा हरवलेला ‘ळ’

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बडोद्याहून आमच्या चुलत बहिणीचा फोन आला. ख्यालीखुशाली झाल्यावर तिने काहीशा संकोचानेच विचारले, “दादा, बाबांची तब्येत ठीक आहे ना? अलीकडे त्यांच्या पत्रांतून अक्षरं गळतात.”

अक्षरे गळतात म्हणजे काय, हे आमच्या ध्यानी येईना. तेव्हा तिने पत्र समोर धरून वाचूनच दाखविले. ‘काळजी करू नये’ असे जेथे हवे तेथे ‘का’, नंतर मोकळी जागा, नंतर ‘जी’. प्रथम तिला वाटले की, बाबा थट्टेने ‘का जी?’ असे विचारीत आहेत. पण पुढच्या ओळीत ‘आहे’ या शब्दाचा नुसता ‘आ’ शिल्लक होता आणि त्याच्या पुढे एक मात्रा अधांतरी लोंबत होती. गेल्या दोन महिन्यांत आलेल्या चारही पत्रांची हीच गत. मथळ्यावरचे गावाचे नावसुद्धा ‘बे’ आणि ‘गुंदी’ असे दुभंगलेले. बहिणीच्या मनात जी शंका आली होती ती तिने शब्दांत सांगितली नाही, पण आम्हाला ती कळली. पंच्याऐंशीच्या घरातील माणसाला शब्द आठवेनासे होऊ लागले, की त्याच्या माणसांच्या पोटात जो गोळा उठतो तो वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल.

आम्ही तिला एकच काम सांगितले. चारही पत्रे पुन्हा नीट पाहा आणि कोणकोणती अक्षरे गळली आहेत तेवढे लिहून काढ. अर्ध्या तासाने तिचा पुन्हा फोन आला. “दादा, फक्त दोन. ‘ह’ आणि ‘ळ’. बाकीचं एकही अक्षर चुकलेलं नाही.” ते ऐकून आमचा जीव भांड्यात पडला. आम्ही म्हणालो, “मग बाबा अगदी ठणठणीत आहेत. आजारी पडलंय ते यंत्र.”

हे यंत्र म्हणजे आमच्या काकांचा जुना रेमिंग्टनचा मराठी टाइपरायटर. काका बेळगुंदीस राहतात. बेळगावच्या पश्चिमेस, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात वसलेले हे मराठी वस्तीचे गाव. भात, रताळी आणि काजू यांवर जगणारे. वर राकसकोपचा जलाशय, ज्याचे पाणी बेळगाव शहर पिते. साठ वर्षांपूर्वी काकांनी टंकलेखन शिकून घेतले आणि पुढे एक जुने यंत्र विकत आणून घराच्या सोप्यावर मांडले. पंचक्रोशीतील माणसे अर्ज लिहून घ्यावयास त्यांच्याकडे येत. वारसाची नोंद, पीककर्ज, शाळेचा दाखला, मुंबईत गिरणीत कामाला असलेल्या भावाला धाडावयाचे हिशेबी पत्र. सर्व काही त्या यंत्रातून बाहेर पडले. १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, तेव्हा गावोगावची निवेदने तयार करावयाची होती. त्या दिवसांत काकांनी एक मूळ प्रत आणि चार कार्बनच्या प्रती अशा किती निवेदनांचे टंकन केले याचा हिशेब त्यांच्यापाशीही नाही. १९६७ साली आयोगाचा अहवाल आला, त्याचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे आणि २००४ साली दाखल झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. यंत्र मात्र सोप्यावरून आतल्या खोलीत गेले आणि अर्जांच्या जागी पत्रे आली.

काकांना काचबिंदू आहे. या विकारात गेलेली दृष्टी परत येत नाही. त्यांना उजेड कळतो, दारात माणूस उभा आहे एवढे कळते. वाचता येत नाही. हातातल्या फोनचा सपाट काचेचा पडदा त्यांच्या उपयोगाचा नाही, कारण काचेवर बोटाला काही लागत नाही. टाइपरायटरचे तसे नाही. प्रत्येक कळीला कड आहे, प्रत्येक कळीची जागा साठ वर्षांत बोटांत मुरलेली आहे, ओळ संपत आली की घंटी वाजते आणि दांडा ओढला की कॅरेज मुक्कामाला येते. दिसत नसतानाही माणसाला स्वतःच्या हाताने, कोणालाही मजकूर न सांगता, लेकीला पत्र लिहिता येते. काका पत्र टंकून, घडी घालून, पाकीट स्वतःच चिकटवितात. घरात मुलगा आहे, सून आहे; पण लेकीचे पत्र त्यांनी कधी कोणास वाचू दिले नाही. त्यामुळेच गळालेली अक्षरे घरात कोणाच्या नजरेस आली नाहीत.

दोनच दिवसांनी आम्ही बेळगुंदीस गेलो. यंत्रावरचे झाकण काढून कळीमागून कळ दाबून पाहिली. ‘ह’ची कळ दाबताच दांडी तरातरा उठली, फितीपर्यंत गेली आणि काहीही न उमटविता परतली. तिच्या टोकाशी अक्षराचा खिळाच नव्हता. दोन्ही अक्षरे एकदम का गेली, हे येथे सांगितले पाहिजे. टाइपरायटरच्या प्रत्येक दांडीच्या टोकावर पोलादाचा एक छोटासा खिळा डाख देऊन बसविलेला असतो आणि त्या एकाच खिळ्यावर खाली एक व वर एक अशी दोन चिन्हे कोरलेली असतात. नुसती कळ दाबली की खालचे उमटते. शिफ्ट दाबून मारली की वरचे. काकांच्या यंत्रावर खाली ‘ह’ आणि वर ‘ळ’. अनेक दशकांनी डाख जुना झाला, खिळा निखळला आणि कोठेतरी पडला. यंत्र उपडे केले, टेबलाचे खण उपसले, खोली झाडून काढली. खिळा सापडला नाही. पाव इंचाहून थोडा मोठा असा तो लोखंडाचा तुकडा. केरातून केव्हाच परसात गेला असावा.

काकांना सांगणे भाग होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “किती पत्रं गेली तशी?” चार, असे आम्ही सांगितले. “म्हणजे चार पत्रांत एकही वाक्य पुरं नाही,” ते म्हणाले. मराठी माणसाचे वाक्य ‘आहे’शिवाय पुरे व्हावयाचे कसे, आणि बेळगावकडच्या माणसाने ‘ळ’ नसताना स्वतःचा पत्ता तरी काय लिहावयाचा? बेळगाव, बेळगुंदी, कंग्राळी, बेळवट्टी, कावळेवाडी. येळ्ळूरला तर दोन ‘ळ’ लागतात आणि यंत्रावर अर्धा ‘ळ’ नसल्यामुळे पहिल्याचा पाय मोडावा लागतो.

देवनागरी लिपी या यंत्रात बसविणे हे मुळातच कष्टाचे काम होते. रेमिंग्टन ही अमेरिकेतील बंदुका आणि शिवणयंत्रे बनविणारी कंपनी. तिने १८७३–७४ च्या सुमारास शोल्स व ग्लिडन यांचे यंत्र बाजारात आणले. त्यातल्या पहिल्या काही यंत्रांची कॅरेज परत आणण्यासाठी शिवणयंत्रासारखी पायटी होती म्हणतात ते खरेच आहे. रोमन लिपीला सव्वीस अक्षरे; लहान आणि मोठी मिळून बावन्न. पंचेचाळीसच्या आसपास कळांच्या यंत्रात अंक व विरामचिन्हे धरूनही ती ऐसपैस बसतात. तेवढ्याच कळांत आपली व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, स्वर, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि अंक कोंबावयाचे म्हणजे लिपीची मोडतोड आली. त्यावरचा तोडगा असा की ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष ही अक्षरे यंत्रावर अर्धीच ठेवावयाची आणि पूर्ण अक्षर हवे असेल तेव्हा पुढे काना मारावयाचा. म्हणून मराठी यंत्रावर सर्वांत जास्त झिजते ती कान्याची कळ. एकट्या ‘भाषण’ या शब्दाला ती चार वेळा दाबावी लागते. मात्रा व उकार यांच्या कळा आणखी निराळ्या. त्या मारल्या तरी कॅरेज पुढे सरकत नाही, कारण त्यांची दांडी कॅरेज सोडणाऱ्या पट्टीला स्पर्शच करीत नाही. कारागीर त्यांना ‘डेड की’ म्हणतात.

या प्रश्नाशी बेळगुंदीचा एक जुना धागा जुळलेला आहे. आचार्य काकासाहेब कालेलकर (१८८५–१९८१) यांचा या गावाशी लहानपणापासून संबंध होता आणि येथल्या मार्कंडेय नदीला त्यांनी आपल्या लेखनात सखी मानले आहे. नागरी लिपी सुधारावी, तिला छापखान्यात व यंत्रावर सुलभ करावे, या कामात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग खर्च केला. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाने नेमलेल्या लिपिसुधार समितीचे ते प्रमुख होते. पुढे स्वातंत्र्य मिळताच, १९४८ साली, लघुलिपी आणि टंकयंत्र यांचा विचार करण्यासाठी जी सरकारी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. इ, ई, उ, ए हे स्वर स्वतंत्र न ठेवता ‘अ’लाच वेलांटी-उकार-मात्रा जोडून लिहावे, हा विचार त्यांनी आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांनीही पुरस्कारिला, त्यामागे खिळे वाचविण्याचाच हिशेब होता. तो रूढ झाला नाही. योगायोग एवढाच की, ज्या नदीकाठी ते बाळपणी रमले त्या गावातले हे यंत्र खिळ्यावाचून अडले होते. ‘कालेलकर’ हे नाव मात्र त्या मोडक्या यंत्रावरही बिनचूक उमटत होते. त्यात ना ‘ह’, ना ‘ळ’.

असो. यंत्र रिक्षात घालून आम्ही बेळगावास आणले आणि एका जुन्या मेस्त्रींचा पत्ता काढला. बेळगावची यंत्रांशी सलगी जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते याच शहरात. आज उद्यमबागेत ओतशाळा आणि लेथ यांचा खडखडाट चाललेला असतो. पण टाइपरायटर दुरुस्त करणारा शोधावयास आम्हाला चार गल्ल्या हिंडाव्या लागल्या. मेस्त्री सत्तरी ओलांडलेले. एके काळी वकिलांच्या कचेऱ्या, शाळा आणि टंकलेखन संस्था मिळून पुष्कळ यंत्रांची वार्षिक देखभाल त्यांच्याकडे असे. दर महिन्याला सायकलीवर पेटी बांधून फेरी. गोदरेजने १९५५ साली स्वदेशी टाइपरायटर काढला, तेव्हापासूनच्या प्रत्येक नमुन्याची त्यांना नाडीपरीक्षा येते. या शतकाचे पहिले दशक संपता संपता गोदरेजने हे उत्पादन थांबविले. २०११ साली ती बातमी ‘जगातला शेवटचा कारखाना बंद’ अशा थाटात सर्वत्र छापून आली. त्यात अतिशयोक्ती होती, इतरत्र यंत्रे तयार होतच होती. परंतु आपल्याकडे सुटे भाग मिळण्याचा रस्ता तेव्हापासून बंद झाला हे खरे. आता एका यंत्राचा भाग दुसऱ्या मेलेल्या यंत्रातूनच यावा लागतो.

मेस्त्रींनी यंत्राकडे पाहून मान हलविली. “मेलेलं यंत्र मी अजून बघितलो नाही ओ. पण हे लई दिवस कुणी पुसलेलं नाही.” मग बोटाने दांड्यांच्या मुळाशी चाचपून ते बोट त्यांनी हुंगले आणि हसले. “खोबरेल तेल!”

काका यंत्राला वर्षानुवर्षे खोबरेल तेल घालीत आले होते. हिवाळ्यात सकाळी कळा जड चालतात, उन्हे वर आली की मोकळ्या होतात, ही त्यांची तक्रारही जुनी होती. तिचे उत्तर त्या वासात होते. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली आले की थिजू लागते आणि बेळगावची हिवाळ्यातली सकाळ त्याहून पुष्कळ थंड असते. दांड्या ज्या कंगव्यासारख्या चंद्रकोरीत बसतात तिला सेगमेंट म्हणतात. तिच्या फटी इतक्या अरुंद की कोणतेही तेल तेथे धूळ धरून चिकटा तयार करते. “ह्या जागेला तेल म्हणजे विष,” मेस्त्री म्हणाले. ती जागा कोरडीच ठेवावयाची. तेल लावावयाचे ते शिवणयंत्राचे, आणि तेही कॅरेजच्या रुळांना सुईच्या टोकाने थेंबभर. दोन दिवस पेट्रोल आणि दात घासण्याचा जुना ब्रश घेऊन त्यांनी ती चंद्रकोर धुतली. जवळपास विडी-काडी नको म्हणून दुकानाचे अर्धे दार लावून घेतले. काळे पाणी निघत राहिले.

खिळा कोठून आणावयाचा हा प्रश्न होताच. मेस्त्रींकडे जुन्या खिळ्यांची एक डबी होती. तिच्यात इंग्रजी अक्षरे होती, कन्नड होती, मराठी ‘ह’ नव्हता. तेव्हा निपाणीस एक टंकलेखन संस्था बंद पडून तिची यंत्रे भंगारवाल्याकडे गेल्याचे त्यांनी ऐकिवात आणले. आम्ही निघालो. निघताना मेस्त्रींनी सांगितले की काकांचे एक चांगल्या दिवसांतले पत्र बरोबर न्या. का, ते निपाणीत कळले.

तंबाखूच्या वखारींच्या त्या गावात एका पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली नऊ यंत्रे एकावर एक रचलेली होती. त्यांतली चार इंग्रजी. उरलेल्यांपैकी तिघांवर मराठी अक्षरे होती, पण प्रत्येक यंत्राचे अक्षर सारख्याच रुंदीचे असते असे नाही. मेस्त्रींच्या सूचनेप्रमाणे आम्ही प्रत्येकावर कोऱ्या कागदावर सलग दहा ‘ह’ मारले. फीत वाळलेली होती म्हणून खाली कार्बन ठेवला. मग तो कागद काकांच्या पत्रातल्या ओळीवर ठेवून दोन्ही उजेडाकडे धरले. पहिल्या दोन यंत्रांचे दहा ‘ह’ काकांच्या दहा अक्षरांहून आखूड भरले. तिसऱ्याचे बरोबर जुळले. ते यंत्रही रेमिंग्टनचेच निघाले, मात्र घडण काही वर्षांनी अलीकडची. भंगारवाला सुटा खिळा देईना. “घ्यायचं तर सगळं घ्या. वजनावर आहे.” पंधरा किलोंच्या आसपासचे ते धूड आम्ही एस.टी.ने बेळगावास आणले आणि कंडक्टरने त्याचे सामानाचे तिकीट रीतसर फाडले.

ते यंत्र आल्यावर मेस्त्रींना उत्साह चढला. एक खिळा बदलण्यासाठी आणलेल्या काकांच्या यंत्राचा आता त्यांनी पुरता पंचनामा केला. कॅरेजला डावीकडे ओढणारी जी पट्टी असते ती एका धाग्यावर आली होती. ही पट्टी एका गोल डबीला गुंडाळलेली असते आणि डबीत घड्याळासारखी लांब पोलादी स्प्रिंग असते. पट्टी तुटली की कॅरेज जागीच थांबते आणि भोवंडत सुटलेली डबी बोटांची सालटी काढते. त्यामुळे जुनी पट्टी सोडण्यापूर्वी मेस्त्रींनी डबी एका हाताने घट्ट धरली, फेरे मोजीत सावकाश सैल केली, मासे धरण्याच्या गळाची विणलेली दोरी जुन्या पट्टीच्या मापाने कापून बांधली आणि पुन्हा चार फेरे दिले. आम्ही विचारले, आणखी एक फेरा दिला तर कॅरेज अधिक चपळ होणार नाही का? “चपळ होईल की. मग अक्षरं सोडून पळेल.” कॅरेज ओळीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचेल एवढाच ताण हवा. अधिक ताणाने जागा सुटू लागतात आणि एका वेळी एकच घर सोडणारे ते दातेरी चाक व त्याची कुत्री लवकर झिजतात. हे शब्द त्यांचेच. खटक्याला यंत्रांच्या धंद्यात सर्वत्र कुत्रे म्हणतात.

कळांखालच्या तीन बारीक स्प्रिंगांचे आकडे तुटले होते. दोन निपाणीच्या यंत्रातून मिळाल्या. तिसरीसाठी मेस्त्रींनी कप्प्यातून तारेचे एक वेटोळे काढले. ती मिरजेहून आणलेली सतारीची पोलादी तार होती. मिरजेत शतकाहून अधिक काळ तंतुवाद्ये घडविली जातात आणि तेथली तार उत्तम पाण्याची, सारख्या जाडीची मिळते. दाभणाभोवती तिचे वेढे घट्ट घेऊन, दोन्ही टोकांना चिमट्याने आकडे वळवून त्यांनी दहा मिनिटांत स्प्रिंग तयार केली.

रबरी रूळ हे अवघड प्रकरण होते. कागदाच्या पाठीमागचा हा रूळ नवा असताना मऊ असतो, म्हणून अक्षर दबून उमटते आणि चार कार्बनांपर्यंत पोहोचते. साठ वर्षांत रबर हाडासारखे टणक झाले होते. कागद घसरत होता, पूर्णविरामाच्या दंडाने भोके पडत होती. परदेशातले हौशी लोक यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवितात असे आम्ही वाचले होते. मेस्त्रींना ते पसंत पडले नाही. रुळाचा व्यास केसभर वाढला तरी अक्षर कागदावर आपटण्याचे अंतर बदलते आणि ओळींमधले अंतरही. छापखान्यांच्या रुळांना रबर चढविणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तो पाठविला. जुने रबर कापून नवे भाजून बसविले आणि लेथवर मूळ मापास घासून आणले. त्यात दोन आठवडे गेले. या एका कामाचा खर्च बाकीच्या सर्व कामांहून अधिक आला. खाली कागद ओढणारे लहान रोलर एका जागी बसून चपटे झाले होते, त्यांना योग्य मापाची रबरी नळी कापून चढविली.

शेवटी खिळा. निपाणीच्या दांडीला बारीक ज्योतीची धग देताच डाख पाघळला आणि ‘ह–ळ’चा खिळा चिमट्यात आला. कथील व शिसे यांचा डाख १९० अंशांच्या आतबाहेर वितळतो, तेवढ्याने पोलादाचे पाणी उतरत नाही. मात्र भट्टीवाल्यासारखी घाई केली तर उतरते. काकांच्या दांडीचे टोक घासून, त्याला जस्त विरघळविलेले आम्ल लावून, खिळा बारीक तारेने बांधला आणि डाख दिला. मग सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतले. राहिलेले आम्ल बेळगुंदीच्या एका पावसाळ्यात ती दांडी खाऊन टाकील, असे मेस्त्रींचे म्हणणे पडले.

खिळा चिकटला म्हणजे काम झाले, असा आमचा समज होता. खरे काम येथून पुढे. रोमन अक्षरे सुटी सुटी असतात. एखादे केसभर वरखाली झाले तर डोळ्याला खुपत नाही. आपल्या अक्षरांच्या माथ्यावर शिरोरेषा आहे. शेजारच्या अक्षराच्या रेषेशी ती जुळली पाहिजे, नाहीतर प्रत्येक ‘ह’पाशी ओळीला पायरी पडते. मेस्त्री ‘मह मह मह’ असे मारीत, भिंगातून पाहत, दांडीला विशिष्ट पक्कडीने जाणवेल न जाणवेल असा पीळ देत आणि पुन्हा मारीत. कागद भरला. दुसरा भरला. संध्याकाळी ‘ह’ची रेषा ‘म’च्या रेषेला अशी मिळाली की जोड कोठे आहे ते दिसेना.

मग त्यांनी शिफ्ट दाबून ‘ळ’ मारला. तो किंचित वर बसला. दोन यंत्रांच्या घडणीत वर्षांचे अंतर होते. निपाणीच्या खिळ्यावर ‘ह’ आणि ‘ळ’ यांच्यामधली जागा काकांच्या यंत्राहून लवमात्र वेगळी होती. ‘ळ’ खाली आणावा तर ‘ह’ही खाली उतरणार. शिफ्टचा स्क्रू फिरवावा तर वरच्या मजल्यावरची सारीच अक्षरे हलणार. मेस्त्रींनी बराच वेळ विचार केला. “काकांना विचारा ओ. ‘ह’ ठेवू का ‘ळ’?”

आम्ही फोन लावला. काकांनी क्षणभरही न थांबता सांगितले, “‘ह’ बरोबर ठेवा. तो प्रत्येक ओळीत येतो. ‘ळ’ वर राहिला तर राहू दे.”

यंत्र बेळगुंदीस पोहोचले तेव्हा सुगीचे दिवस होते. अंगणात भात वाळत घातलेले. काकांनी प्रथम दोन्ही हात कळांवर नुसते ठेवले. मग कॅरेज एकदा शेवटपर्यंत नेऊन तिची घंटी ऐकली. कागद घालून त्यांनी मथळा मारला आणि थांबले. “उमटलं का?” आम्ही वाचून दाखविले: बेळगुंदी. त्यांनी पुढे लिहिले नाही. आम्हाला बाहेर जावयास सांगितले.

त्या आठवड्यात त्यांनी ती चारही पत्रे आठवून आठवून पुन्हा टंकली आणि एकाच पाकिटात घालून बडोद्यास धाडली. बहिणीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली की मजकूर सगळाच काही जुळत नाही, दुसऱ्या पत्रात तर बाबांनी नवेच काही लिहिले आहे. काय, ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. ‘ळ’ वर चढला आहे हे तिच्या ध्यानात आले होते.

निपाणीचे यंत्र गोणपाटात गुंडाळून काकांच्या खाटेखाली ठेवले आहे. त्याचे बाकीचे खिळे शाबूत आहेत, आणि कान्याचा तर अगदी नव्यासारखा आहे. मेस्त्रींनी त्यातून काढलेल्या स्प्रिंगा आणि स्क्रू औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरून दिले. स्क्रूंचे आटे जुन्या विलायती मापाचे असल्याने बाजारातला कोणताही स्क्रू त्या जागी ठोकून बसवू नये, असे त्यांनी दोनदा बजावले आहे. सूनबाईंनी घरातली खोबरेलाची बाटली त्या खोलीतून हलविली आहे.